किटलीभोवतीची हवा

ऑक्टोबरात दुपारी उन्हं कलली की आमच्या गच्चीवरचे पत्रे कडकड वाजू लागतात. दिवसभर तापून ताणलेले पत्रे आकसतात, त्याचा तो आवाज. मधूनच देवळालीच्या बाजूने तोफांच्या सरावाचा दणका येतो आणि ब्रश बुडवायच्या डब्यांतलं पाणी थरथरतं. नवी मुलं दचकतात, जुनी मुलं नुसती हाताने कागद दाबून धरतात. कॅम्पातून येणारी मुलं मानही वर करत नाहीत. त्यांच्यातल्या काहींचे वडीलच तोफांपाशी उभे असतात.

यंदाही चित्रकलेची ग्रेड परीक्षा तोंडावर आली आहे. पत्र्याच्या खोलीत पोस्टर कलरचा आंबूस वास कोंडला आहे. दोरीवर ओले कागद चिमट्यांनी लटकले आहेत आणि जिन्यात चपलांचा ढीग पडला आहे. सकाळी भाजी आणायला गेलो तेव्हा नाक्यावर एक पिकअप उभी होती. पेठ-सुरगाण्याकडची माणसं तीत दाटीवाटीने बसली होती. मांडीवर गाठोडी, एका बाईच्या कुशीत झोपलेलं पोर, एकाच्या कमरेला फडक्यात गुंडाळलेली कात्री. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत फळ धरायची गोडी छाटणी सुरू झाली की ही माणसं डोंगर उतरून येतात. गाडी निघून गेली तरी मी मेथीची जुडी हातात धरून तिथेच उभा होतो. भाजीवाली म्हणाली, "काका, निवडून देऊ का घरीच निवडाल?"

घरीच निवडतो म्हणालो. आता येतं मला ते.

ही खोली सुनंदाची. माझी बायको तीस-एक वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होती, आणि शाळा सुटल्यावर इथे ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांना. मी वाचनालयात नोकरीला होतो. माझं आयुष्य पुस्तकांच्या पाठींवर क्रमांक चिकटवण्यात गेलं. संध्याकाळी घरी आलो की वर पत्र्याखाली तिचा आवाज चाललेला असे. त्या आवाजाखाली बसून मी वाचत असे. काय शिकवते याकडे लक्ष नसे, पण पावसाचा आवाज ओळखीचा होतो तसं ते कानात मुरत गेलं.

तिची एक पद्धत होती आणि त्यावरून तिचं इतर चित्रकला शिक्षकांशी कधी पटलं नाही. नाशकातल्या कुठल्याही शाळेतलं स्थिरचित्र बघा. तांब्या, वांगं, दोन केळी, एक वाटी, सगळं नीट रंगवलेलं, आणि मागे निळा, खाली तपकिरी. समोरची भिंत पिवळी असो की पांढरी, खाली चटई असो की फरशी, कागदावर मागे निळा आणि खाली तपकिरीच. तोही शेवटच्या दहा मिनिटांत, फराफरा, वस्तूंच्या कडा चुकवत. मुलांना तसंच सांगितलेलं असतं. उरलेली जागा म्हणजे भरून टाकायची जागा.

सुनंदाला हे सहन होत नसे. ती मधोमध स्टुलावर चहाची मोठी ॲल्युमिनियमची किटली ठेवायची आणि म्हणायची, "किटलीकडे बघायचं नाही. किटलीच्या भोवती बघा. कान आणि पोट यांच्यामध्ये हवेचा एक तुकडा अडकलाय. तो कसा आहे? कोयरीसारखा? कानाच्या पाळीसारखा? आधी तो काढा. मग तोटीखालची हवा. मग झाकणाच्या गोंड्यापासून खिडकीच्या चौकटीपर्यंतची हवा. सगळी हवा नीट काढलीत, तर किटली आपोआप दिसेल."

पुस्तकात याला धन अवकाश आणि ऋण अवकाश म्हणतात. वस्तूची जागा ती धन, तिच्या भोवतीची ती ऋण. ती हे शब्द फळ्यावर लिहायची आणि लगेच पुसायची. मुलांची गणिताची सवय आड येते म्हणायची. ऋण म्हटलं की त्यांना वाटतं वजा, म्हणजे तिथे काही नाहीच. ती हवा म्हणायची. पहिली सहामाही पूर्ण हवेला द्यायची. वस्तूला हात लावायचा नाही. वस्तूचं वजन, चकाकी, पोचे, सावली हे सगळं गणपतीनंतर. पालक कुरकुरायचे, मुलं कंटाळायची, ती ऐकायची नाही.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीच ती गेली. आषाढात ताप आला, तापाचं निदान व्हायला वेळ लागला, आणि मग वेळच राहिला नाही. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

लोक भेटायला आले. चांगले लोक, आपले लोक. पोकळी हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता. कधीही न भरून येणारी पोकळी. मी मान हलवत होतो. मला तेव्हा एवढंच कळत होतं की घरात तिच्या जागा अजून जागच्या जागी आहेत. मी पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपत होतो. तिच्या टॉवेलची दांडी रिकामी ठेवून माझा टॉवेल खिडकीवर वाळत घालत होतो. मांडणीवर तिच्या कपाच्या शेजारी दुसरा कप ठेवत नव्हतो. कोणी चुकून ठेवला तर उचलून बाजूला करत होतो. त्या जागांच्या कडा मी रोज जपत होतो, एखाद्या पहारेकऱ्यासारखा.

चौदावा झाल्यावर अहिरे आले. ते मूळचे नामपूरचे, कांद्याच्या व्यापारात, आता नाशकातच असतात. त्यांचा मुलगा सुयोग सुनंदाच्या वर्गात होता. चहा घेतला, बाईंच्या आठवणी काढल्या, मग खुर्चीत पुढे सरकले.

"राग नका येऊ देऊ काका. पण फॉर्म भरून झालेत पोरांचे. परीक्षा ऑक्टोबरात. आता काय करायचं?"

"मी घेईन वर्ग," मी म्हणालो.

असं काही म्हणायचं आधी ठरवलं नव्हतं. वाक्य तोंडातून गेल्यावर ते माझं आहे हे मला कळलं.

अहिऱ्यांनी कप खाली ठेवला. "काका, तुम्ही पुस्तकातले माणूस."

"हो."

"चित्र काढता येतं तुम्हाला?"

"नाही."

त्यांनी कपाळ चोळलं. "अवघड शे," ते स्वतःशीच पुटपुटले. मग मला म्हणाले, "पंचवटीत एक क्लास आहे बघा. तिथे सात चित्रं पाठ करून घेतात. पेपरात काहीही येऊ द्या, सातांतलं एक बसतंच. मी सगळ्याच पोरांना तिकडे टाकावं म्हणत होतो. तुम्हाला कशाला तसदी."

"ज्यांना जायचं त्यांनी जावं," मी म्हणालो. "सोमवारी संध्याकाळी खोली उघडी असेल."

सोमवारी अर्धी मुलं आली. सुयोग आला नाही. मी किल्ली घेऊन वर गेलो तेव्हा ती जिन्यातच ओळीने बसली होती. रितू नावाची मुलगी सगळ्यांत पुढे. तिचे वडील तोफखान्यात सुभेदार. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलत आल्यामुळे तिला कोणाचीच भीड नव्हती.

"काका, अब आपको सर बोलायचं का?"

"काकाच म्हणा."

"चलो, अच्छा है. सर लोग मारते हैं."

मुलं हसली. सुनंदा गेल्यानंतर वर ऐकू आलेलं ते पहिलं हसू.

पुढचे काही आठवडे मी जे केलं त्याला शिकवणं म्हणता येणार नाही. सुनंदाच्या कपाटातली पुस्तकं मी आधी वाचली, कारण मला तेवढंच येत होतं. वाचून सगळं समजलं आणि हात तसाच राहिला. मग एका सकाळी स्वयंपाकघरात भात लावून बसलो होतो. समोर भिंतीवर खिळ्यांना झारा, डाव आणि उलथणं टांगलेलं होतं. झारा आणि डाव यांच्यामधली हवा लांबट होती, खाली फुगलेली, एखाद्या बंद कळीसारखी. डाव आणि उलथण्यामधली अरुंद, मध्येच तिरकी. मी वाण्याच्या कागदी पिशवीच्या पाठीवर त्या कडा काढल्या. वाकड्या आल्या. पुन्हा काढल्या. भात लागला त्या दिवशी. पण तिसऱ्या वेळी मला न काढलेला झारा कागदावर दिसला. पस्तीस वर्षांचं लग्न, आणि ती वर रोज काय सांगते ते मला त्या दिवशी कळलं. करपलेला भात वरवरचा खाल्ला आणि संध्याकाळी वर खोलीत मुलांना तो कागद दाखवला.

रितू म्हणाली, "काका, हा फुल आहे का?"

"झारा आणि डावाच्या मधली हवा आहे."

ती बराच वेळ बघत राहिली. "हां... चमचे दिसतायत." मग म्हणाली, "लेकिन काका, पुस्तकात याला ऋण म्हणतात. ऋण मतलब माइनस ना? तो माइनस चीज इतना टाइम लेके क्यूँ काढायची?"

कोपऱ्यातून सोनाली भोये म्हणाली, "ती नाय काढली तर चमचे कुठं टांगशील?"

सोनालीबद्दल सांगायला हवं. ती पेठच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. मुलींच्या होस्टेलात राहून दहावीला होती. फार बोलायची नाही, पण बोलली की वर्ग ऐकायचा. सगळ्यांना मुभा होती तेव्हा ती पंचवटीच्या क्लासला का गेली नाही, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाईंनी अर्धं शिकवलंय. उरलेलं अर्धं तिकडं कसं भेटंल?"

गणपती उठल्यावर तिची आई मला भेटायला आली. छाटणीच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे निघाली होती, वाटेत मुलीला बघायला थांबलेली. खोलीत यायला तयार होईना, उंबऱ्यातच बसली. पायाला डोंगराची लाल माती होती. भिंतीवरची मुलांची चित्रं तिने एकेक करून पाहिली आणि मग विचारलं, "ही पास व्हईल का, गुरुजी?"

"मेहनत करते."

"मेहनत तं आमी बी करतो." ती हसली, पण थट्टा करत नव्हती. "हिच्या बापानं सांगितलंय. ही परीक्षा झाली तं राहील होस्टेलात, शिकंल म्होरं चित्राचंच. ती म्हणते, त्याच्या कोर्साला हीच परीक्षा लागते. नाय झाली तं दहावी झाल्यावर येईल आमच्यासंगं बागंत. मग लगीन." ती उठली. "मी काय चित्रातलं समजंना. तुमी सांगा खरं. होईल का?"

सोनाली जिन्यात पाठ करून उभी होती. ऐकत होती.

"होईल," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. पण त्या क्षणापासून ती परीक्षा माझी झाली.

आणि त्याच आठवड्यात मला कळलं की ती नापास होणार आहे.

आम्ही पहिला सराव पेपर घेतला, घड्याळ लावून. स्टुलावर किटली, शेजारी दोन पेरू, खाली लाल काठाचं धोतर. वेळ संपला तेव्हा मी कागद गोळा करत फिरलो. रितूची किटली ढोबळ होती, पण होती. बाकीच्यांचंही कमी-जास्त. सोनालीच्या कागदापाशी मी थांबलो. असं चित्र मी तोवर पाहिलं नव्हतं. खिडकीतून येणारा तिरपा उजेड, भिंतीचा मळका पिवळा, धोतराच्या चुण्यांतला निळसर करडा, कानाच्या आत अडकलेला हवेचा तुकडा बाहेरच्या हवेपेक्षा किंचित गडद. सगळं होतं. आणि मधोमध किटलीच्या आकाराचा कोरा कागद. पेरूंच्या जागी दोन कोरे गोल.

"वेळ पुरला नाही का?"

"पुरला."

"मग किटली?"

ती गोंधळली. "बाई म्हणाल्या होत्या, हवा नीट काढली की ती आपोआप दिसंल." मग जरा थांबून, "दिसतीय ना."

दिसत होती. तिची कड न् कड अचूक होती. परीक्षकाला मात्र अर्धं चित्र दिसणार होतं, आणि त्याचं काही चुकणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर मी खाली आलो आणि चहाचं आधण ठेवलं. कप घ्यायला हात मांडणीकडे गेला. तिच्या कपाशेजारची मोकळी जागा तशीच होती, मी जपलेली, धूळसुद्धा न बसू दिलेली. मी तिथेच उभा राहिलो. मुलीला अर्धं शिकवून झालं होतं, आणि दुसऱ्या अर्ध्याच्या आधी शिकवणारी गेली होती. मुलगी इमानाने वाट बघत होती, आपण कडा नीट ठेवल्या की ती येईल. या घरात दुसरं कोण तेच करत होतं, हे मला दिसलं. मी आधण उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि तिच्या कपात चहा ओतून घेतला. कपाचा कान तुटून एकदा चिकटवलेला होता. बोटाला तो सांधा खरखरीत लागला. इतक्या दिवसांत मी त्या कपाभोवतीची जागा पाहिली होती. कप पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी किटली स्टुलावर ठेवली नाही. मुलांना गोल करून बसवलं आणि किटली रितूच्या हातात दिली.

"हिच्याबद्दल असं एक वाक्य सांग, जे जगातल्या दुसऱ्या कुठल्याही किटलीला लागू होणार नाही."

"काका, ये मराठी का पीरियड है क्या?"

"मला तेवढंच येतं. सांग."

तिने किटली फिरवली, वाजवली, आत डोकावली. "इसके पेट में पोचा आहे. खाली पडली होगी."

पुढचा मुलगा म्हणाला, झाकण बसतं पण गोंडा गोल फिरतो. कोणी म्हणालं, आतून काळी आहे, बाहेरून घासून पांढरी. कोणी म्हणालं, भरलेली असेल तर तोटीकडे कलते. किटली सोनालीकडे आली. तिने ती मांडीवर घेतली, कानाला धरून तोलली.

"जड हाय," ती म्हणाली. "बघताना वाटत नाय इतकी."

"हवा काढलीस तेव्हा कळलं होतं?"

"नाय."

"हवेने कड येते फक्त. बाकीचं आपल्याला करावं लागतं. बाई पुढे तेच शिकवणार होत्या." हे वाक्य म्हणताना माझा आवाज नीट राहिला, याचं मला आश्चर्य वाटलं.

"मंग हवा कमी करायची?"

"करायची. घड्याळाचा काटा निम्म्यावर आला की हवा जिथे असेल तिथे सोडायची."

"अर्धी?" तिचा चेहरा पडला. "अर्धी सोडून कसं चालंल?"

"चालेल."

"बाईंना चाललं नसतं."

"नसतं चाललं," मी म्हणालो. "पण पेपर तुझा आहे."

ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सराव मात्र करत होती. काटा निम्म्यावर आला की मी तिच्या मागे जाऊन उभा राहायचो. ती ब्रश थांबवायची नाही, अजून एक हात, अजून एक, आणि मी नुसता उभा. शेवटी दात-ओठ खात ती डब्यात ब्रश खळखळ धुवायची आणि किटलीकडे वळायची. तिच्या पहिल्या किटल्या कागदी होत्या, पोकळ. मग एक दगडासारखी. मग एके दिवशी एक आली, जिच्या पोटातला पोचा उजेडात नेमका उतरला होता. ती हातात घेतली तर जड लागेल असं वाटलं. रितू मागून म्हणाली, "अब इसमें चाय डालो."

त्या दिवसांत मुलं रंग वाळेपर्यंत बसून राहायची आणि सुनंदाबद्दल विचारायची. आधी मी टाळायचो, हो-नाही म्हणायचो. किटलीच्या वाक्यांनंतर टाळावंसं वाटेना. मी त्यांना सांगितलं की बाईंना रिक्षात बसायची भीती वाटायची आणि त्या रिक्षावाल्याला घरापर्यंत शिव्या द्यायच्या, मग उतरताना त्याच्याच मुलांच्या शाळेची चौकशी करायच्या. कच्चे शेंगदाणे खाण्याची सवय होती आणि टरफलं पदराला चिकटून शाळेत जायची. उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झाली होती, त्यामुळे ब्रश धरताना ती वेगळी उभी राहायची, जणू ऐकत नाहीये. गाणं बेसूर म्हणायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या. कुणीही निळ्या-तपकिरीचं नाव काढलं की जेवण टाकून बोलायला लागायच्या.

"बाई घरात पण ओरडायच्या?" कुणीतरी विचारलं.

"मला नाही. मी वाचत असलो की पुस्तकालाच ओरडायच्या."

मुलं खदखदली. मीही हसलो. लोक पोकळी म्हणत होते तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं, आणि ती टरफलं सांगताना मात्र मला उठून खिडकीशी जावं लागलं. तरी सांगत राहिलो. ते मी ठरवून केलं. रोज एक गोष्ट, तिच्याच बाबतीत खरी असलेली, दुसऱ्या कुठल्याही बाईला लागू न होणारी. लोकांच्या बोलण्यात ती हळूहळू साधी, शांत, सोशिक होत चालली होती. ती तशी नव्हती. तिला तशी होऊ द्यायची नाही, अशी मी मनाशी गाठ बांधली होती.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पालकांची गर्दी होती. अहिरेही भेटले, सुयोगला सोडायला आलेले. "काय काका, तयारी?" म्हणाले. मी म्हणालो, झाली तेवढी. कडुलिंबाच्या सावलीत मी पुस्तक उघडून बसलो आणि पान उलटलं नाही.

रितू धावत बाहेर आली. "काका! तांब्या ठेवला होता, और एक टोपली, और पीछे हरा पडदा. हरा! सब पाठ करून आलेले लोग निळा मारत होते!"

सोनाली सगळ्यांत शेवटी आली. बोटं हिरवी, कपाळावर हिरवा डाग. माझ्यासमोर उभी राहिली, पण बघत होती दुसरीकडेच.

"हवा सोडलीस?"

"सोडली," ती म्हणाली. "जिवावर आलं."

एवढंच. मी तिला होस्टेलच्या फाटकापर्यंत सोडलं.

निकाल थंडीत लागला, नाताळच्या सुट्टीत. शाळेतून मला फोन आला, कारण फॉर्मवर अजून सुनंदाचाच नंबर होता आणि तो फोन मी चालू ठेवला होता. सोनाली तेव्हा आईवडिलांकडे गेलेली. दिंडोरीजवळची बाग तिने सांगून ठेवली होती. मी एसटीने गेलो, मग बांधावरून चालत. ऑक्टोबरात नुसत्या काड्या राहिलेल्या वेलींवर आता घड लोंबत होते. बायका एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिना लावत पुढे सरकत होत्या. सगळ्या बागेत कागदांची सळसळ होती.

तिची आई मला पाहून थांबली. हातातला कागद तसाच. बापही वेलीखालून वाकून बाहेर आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"झाली?" आईने विचारलं.

"झाली. पास झाली."

आई नवऱ्याकडे बघत राहिली. सोनाली पलीकडच्या ओळीतून वेलींखालून सरपटत आली, केसांत पानं अडकलेली.

"कोणता ग्रेड?"

"ब."

तिच्या कपाळावर आठी पडली. "अ का नाय?"

"गप गं," आई म्हणाली. "गुरुजी येवढे लांबून आले."

"तांब्याखालची सावली," सोनाली माझ्याकडे बघत म्हणाली. "तिथंच गेलं. सावली टोपलीवर चढत होती, मी ती सरळ खाली टाकली. घाई झाली." ती खाली बसली आणि एका काटकीने मातीत रेघा ओढू लागली. तांब्याचं पोट, टोपलीची कड, उजेड कुठून येत होता तो बाण. मग सावली, जशी काढली होती तशी. ती तळव्याने पुसली आणि पुन्हा काढली, जशी काढायला हवी होती तशी, टोपलीच्या विणीवरून मोडत जाणारी. मी पाहत होतो आणि तिचा बापही वाकून पाहत होता.

"आता बराबर हाय," ती म्हणाली, आणि माती झटकत उठली.

आईने हातातला कागद घडाभोवती गुंडाळला, पिन लावली, आणि पुढच्या घडाकडे सरकत नवऱ्याला म्हणाली, "दहावी झाल्यावर हिची पेटी आणाया नका जाऊ होस्टेलातनं. ऱ्हाऊ द्या तिथंच."